वर्षभराची रजा, आधी डोंगर की आधी समुद्र?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणारे चाळिशीच्या उंबरठ्यावर आहेत, काम बैठं आहे आणि वर्षभराची रजा मंजूर झाली आहे. त्या वर्षात काही हजार किलोमीटरची एक पायी वाट पूर्ण करायची, उष्ण समुद्रात स्कूबा शिकून काही महिने डायव्हिंग करायचं आणि मधल्या काळात भटकायचं, असा बेत आहे. तब्येत किती कमवावी लागेल, आधी काय आणि नंतर काय, सामान कोणतं घ्यावं आणि एवढं सगळं सुरू करायला आता उशीर झाला आहे का, असे चार प्रश्न आहेत.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. उशीर झालेला नाही. एमा गेटवुड यांनी १९५५ साली अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपासची वाट, एकटीने आणि एका दमात पूर्ण केली, तेव्हा त्या ६७ वर्षांच्या होत्या. खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पायात कापडी बूट आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. हे उदाहरण लोक ‘सामानाचं काय, काहीही चालतं’ असं सांगायला वापरतात. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या बाईंनी जन्मभर शेतावरची कष्टाची कामं केली होती आणि अकरा मुलं वाढवली होती. त्यांचे पाय, गुडघे, कंबर अनेक दशकं तयार होत होती. तुमच्याकडे दशकं नाहीत, पण सहा-आठ महिने असतील तर ते पुरेसे आहेत.

तब्येतीबद्दल लोक विचारतात तेव्हा त्यांच्या डोक्यात दम असतो. दम हा सगळ्यात कमी काळजीचा भाग. शरीराचे सगळे भाग सारख्या गतीने तयार होत नाहीत, हे एकदा नीट समजलं की चालण्याचा, डायव्हिंगचा आणि दोन्ही जोडून आखलेल्या वर्षाचा बेत बराचसा आपोआप सुटतो. हृदय, फुप्फुसं आणि मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू काही आठवड्यांत चांगले सुधारतात. स्नायू हाडांना बांधणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा बेताचा असतो, त्या मागे रेंगाळतात. हाडांची तऱ्हा तर आणखी वेगळी. नवा ताण पडायला लागला की हाडातला जुना भाग आधी खरवडून काढला जातो आणि मग तिथे नवा भरला जातो. खरवडण्याचं काम काही आठवड्यांचं, भरण्याचं काही महिन्यांचं. म्हणजे मधल्या काळात ते हाड सुरुवातीपेक्षाही कच्चं असतं. प्रशियन सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ साली लांबलांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, ठणकणाऱ्या पावलांची नोंद केली, ती याच दुखण्याची. पुढे क्ष-किरण आले तेव्हा दिसलं की पावलातल्या लांब हाडांना बारीक चीर गेलेली असते.

त्यामुळे लांब वाटेवर घात होतो तो बहुतेकदा पहिल्या चार दिवसांत होत नाही. पहिले चार दिवस सगळं अंग दुखतं आणि माणूस निमूटपणे हळू चालतो. तिसऱ्या आठवड्यात दम लागेनासा होतो, चढ हसतखेळत निघतात, बरोबरचे तरुण दिवसाला पस्तीस किलोमीटर मारत असतात, आणि नेमकं तेव्हाच नडगीचं हाड किंवा पावलाची वरची बाजू बोलायला लागते. बोटाने दाबून पाहा. दुखणं पसरट असेल आणि चालता चालता कमी होत असेल तर बहुतेक स्नायूचं. एकाच टिंबावर बोट ठेवल्यावर कळ येत असेल आणि चालल्यावर वाढत असेल, तर तिथेच थांबून जवळच्या गावी उतरा आणि डॉक्टरला दाखवा. अ‍ॅपलाचियन ट्रेल पूर्ण करायला निघालेल्या दर चार जणांपैकी साधारण एकच शेवटपर्यंत पोचतो, असं ती वाट सांभाळणारी संस्थाच सांगते. गळणाऱ्यांत पैसे संपलेले असतात, घरच्या अडचणी आलेले असतात, कंटाळलेले असतात. पण ‘अंगात जोर होता म्हणून’ जखमी झालेल्यांची संख्याही कमी नसते.

तेव्हा तयारी अशी करा. निघण्याआधीचे सहा महिने आठवड्यातून दोनदा तरी लांब चाला, आणि त्यातले दोन दिवस लागोपाठचे ठेवा, कारण थकलेल्या पायांवर दुसऱ्या दिवशी चालण्याची सवय हीच खरी सवय. सॅकमध्ये वजन हळूहळू वाढवा. चढापेक्षा उताराचा सराव जास्त करा. जिना असेल तर वजन घेऊन उतरायचं काम करा. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असताना भार पेलतो, त्याची तयारी चढून होत नाही. वाटेवर पहिले दोन आठवडे दिवसाला पंधरा-अठरा किलोमीटरच्या वर जाऊ नका, अंगात कितीही रग असली तरी. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून पल्ला वाढवा. दिवसाचा अंदाज बांधायला नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली दिलेला ठोकताळा अजून उपयोगी पडतो: सपाटीवर तासाला पाच किलोमीटर आणि प्रत्येक सहाशे मीटर चढाईसाठी आणखी एक तास. २० किलोमीटर अंतर आणि १,२०० मीटर चढ असेल तर सहा तास. त्यात विश्रांती, जेवण, वाट चुकणं काहीच धरलेलं नाही. जड सॅकवाल्याने त्यावर निदान एक तृतीयांश वेळ चढवावा.

आता पाय. लांब चालणाऱ्याला सामानाबद्दल विचारलं तर तो तंबूबद्दल तासभर बोलेल, पण त्याचं अर्धं लक्ष कायम मोज्यांत असतं. फोड अचानक येत नाही. आधी टाचेच्या मागे किंवा अंगठ्याच्या कडेला एक जागा गरम वाटते. दुखत नाही, नुसती गरम. ती जाणवली की त्याच क्षणी थांबायचं, पुढच्या पाणवठ्यापर्यंत ढकलायचं नाही. बूट काढा, मोजा काढून उलटा करून झटका, आत वाळूचा कण किंवा गवताचं कुसळ सापडलं तर निम्मं काम तिथेच झालं. पाय हवेला धरून पूर्ण कोरडा होऊ द्या, मग त्या जागेवर चिकट पट्टी सुरकुती न पडू देता लावा आणि तिचे कोपरे कात्रीने गोल करा; चौकोनी कोपरा मोज्याला अडकून तासाभरात निघतो. सगळ्याला दहा मिनिटं लागतात. ही दहा मिनिटं वाचवणारे पुढे तीन दिवस तंबूत पडून राहतात. बूट नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे घ्या, कारण काही आठवड्यांत पावलं पसरतात आणि दुपारनंतर सुजतात. हलके बूट साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरमध्ये संपतात. वरून धड दिसले तरी तळव्याचा फोम मेलेला असतो, म्हणून बदलायची वेळ डोळ्यांवर न सोडता किलोमीटरवर ठरवा.

सॅकच्या वजनाचा हिशोब दोन भागांत करतात. अन्न, पाणी, इंधन सोडून जे कायम पाठीवर राहतं ते मूळ वजन. ते नऊ किलोंच्या आत असेल तर हलकं, साडेचार किलोंच्या आत असेल तर अतिहलकं मानतात. पहिल्या लांब वाटेला सात-आठ किलो मूळ वजन हा मला शहाणपणाचा आकडा वाटतो. साडेचार किलोंच्या मागे लागलेले लोक बरेचदा गरम थर आणि रेनकोट यांवर काट मारतात, आणि हे दोन्ही जीव वाचवणारे. तंबू, झोपण्याची बॅग आणि सॅक या तिघांवर वजन उतरवा. दातांचा ब्रश अर्धा कापून काही मिळत नाही. अन्न माणशी दिवसाला सातशे ते नऊशे ग्रॅम धरा. स्निग्ध पदार्थात ग्रॅमला नऊ कॅलरी आणि पिठूळ-साखरेत चार, म्हणून शेंगदाणे, बदाम, तेल, लोणी या गोष्टी लांब पल्ल्यात वजनाच्या मानाने सगळ्यात जास्त देतात. पाण्याचा लिटर म्हणजे एक किलो. कोरड्या पट्ट्यात चार-पाच लिटर उचलावं लागलं की आधीचे सगळे हिशोब फुकट जातात. तरीही पाण्यात कंजुषी करू नका.

पाणी गाळायचा पोकळ तंतूंचा फिल्टर जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडवतो, विषाणू अडवत नाही. शिवाय तो एकदा गोठला की आतले तंतू फाटतात आणि बाहेरून काहीही कळत नाही. थंड रात्री तो झोपण्याच्या बॅगेत जवळ घ्या.

थंडीबद्दल एक गैरसमज दूर करतो. हायपोथर्मिया, म्हणजे शरीराचं तापमान धोक्याइतकं उतरणं, फक्त बर्फातच होतो असं नाही. शून्याच्या वर पाच-आठ अंश तापमान, रिमझिम आणि वारा, एवढ्यात माणूस गारठून बावचळू शकतो. ओला सुती शर्ट अंगावरची ऊब पळवतो. लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा आतला थर घ्या. झोपण्यासाठीचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा आणि सकाळी कितीही जिवावर आलं तरी चालताना ओलाच जोड अंगावर चढवा.

लांब वाटांवर मला सापापेक्षा, अस्वलापेक्षा जास्त भीती वाटते ती नदी ओलांडण्याची. बर्फ वितळून येणाऱ्या नद्या दुपारनंतर चढतात आणि पहाटे उतरतात, म्हणून संध्याकाळी काठावर पोचलात तर मुक्काम करा. ओलांडण्याआधी खालच्या बाजूला चालत जाऊन पाहा: तिथे धबधबा, पडलेली झाडं किंवा अरुंद घळ असेल तर ही जागा सोडा, पाणी घोट्याएवढं असलं तरी. रुंद आणि फाकलेला प्रवाह हा अरुंद आणि संथ वाटणाऱ्या प्रवाहापेक्षा बरा, कारण अरुंद जागी पाणी खोल असतं. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येईल. बूट पायातच ठेवा. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे, एका वेळी एकच पाय उचला. पाणी मांडीच्या वर चढलं आणि ओढ लागली की परत फिरा.

तीन हजार मीटरच्या वर वाट जाणार असेल तर पुन्हा तोच मंद गतीचा प्रश्न येतो. पाय तयार असतात, रक्त आणि श्वासाचं नियंत्रण तयार नसतं. डोंगरी वैद्यकातला सर्वमान्य सल्ला असा, की झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा जास्त वर जाऊन खाली येऊन झोपलं तर चालतं. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर वर जायचं नाही. तोल जायला लागला, म्हणजे सरळ रेषेवर टाचेला अंगठा लावून चालता येईना, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. धडधाकट, रोज पळणाऱ्या माणसांना उंचीचा त्रास कमी होतो असं काही नाही; उलट ती भराभर चढतात म्हणून त्यांना तो गाठतो.

आता समुद्र. पाण्याखाली दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट, तीस मीटरवर चौपट. वाढलेल्या दाबाखाली आपण जी हवा श्वासात घेतो तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळत जातो, आणि वर येताना तो परत बाहेर पडावा लागतो. घाईने वर आलं तर त्याचे बुडबुडे धरतात. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली हे कारण प्रयोगांनी दाखवून दिलं. त्याच दशकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाच्या पायाभरणीत, दाबाच्या हवेत काम करणारे मजूर याच दुखण्याने वाकडे होत होते. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग यांनाही त्याने कायमचं अधू केलं.

यावर पहिला उपयोगी हिशोब ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०८ साली मांडला, शेळ्यांवर प्रयोग करून. त्यांचं म्हणणं असं: शरीर म्हणजे एकच टाकी नाही. काही ऊती मिनिटांत नायट्रोजनने भरतात आणि मिनिटांत रिकाम्या होतात, काही फार संथ असतात. त्यांनी पाच गट कल्पिले, आणि सगळ्यात मंद गट निम्मा भरायला ७५ मिनिटं घेतो असं धरलं. आज बहुतेक डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे खोली आणि वेळ पाहून नायट्रोजनचा हिशोब ठेवणाऱ्या मनगटी यंत्रात, जी गणितं चालतात, त्यांतलं स्विस डॉक्टर ब्यूलमान यांचं प्रसिद्ध गणित सोळा गट धरतं आणि त्यातल्या सगळ्यात मंद गटाचा अर्धकाळ ६३५ मिनिटं, म्हणजे साडेदहा तासांहून थोडा जास्त आहे. एक अर्धकाळ उलटला की निम्मं जातं, दुसऱ्यात उरलेल्याचं निम्मं, आणि जवळपास रिकामं व्हायला सहा तरी लागतात. म्हणजे आठवडाभर रोज तीन डाइव्ह मारणाऱ्या माणसाच्या मंद ऊती शेवटच्या डाइव्हनंतर दोन-अडीच दिवस पूर्ववत झालेल्या नसतात. त्याला काही जाणवत नाही. कंडरांचंही असंच असतं, त्या तुटेपर्यंत बोलत नाहीत.

पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा याच हिशोबातून आला. नवख्याला तो वेळकाढू वाटतो: दोरीला धरून किंवा नुसत्या श्वासाच्या जोरावर तरंगायचं, मनगटावरचा सेकंदांचा आकडा १८०वरून खाली उतरताना पाहायचा, वर होडीचा तळ दिसत असतो. पण दाबाचा सगळ्यात मोठा फरक याच शेवटच्या टप्प्यात आहे. चाळीसवरून तीस मीटरवर आलं तर दाब पाचावरून चारावर येतो. दहावरून पृष्ठभागावर आलं तर दोनावरून एकावर, म्हणजे थेट निम्मा. म्हणून थांबा संपल्यावर शेवटचे पाच मीटर सगळ्यात सावकाश, निदान अर्धं मिनिट घेऊन वर या. एकूण वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरच्या आत ठेवा. आणि श्वास कधीही, कशासाठीही रोखून धरू नका. दाबाची हवा भरलेली फुप्फुसं घेऊन जेमतेम एक-दीड मीटर वर आलं तरी ती फाटू शकतात.

हवेचा हिशोबही करून दाखवतो, कारण शिकवणी संपल्यावर लोक तो कॉम्प्युटरवर सोडून देतात. १२ लिटरचं सिलिंडर २०० बार (एक बार म्हणजे साधारण एका वातावरणाएवढा दाब) भरलं तर २,४०० लिटर हवा. त्यातले ५० बार, म्हणजे ६०० लिटर राखीव. उरली १,८००. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर घेतो असं धरलं, तर वीस मीटरवर दाब तिप्पट, म्हणून साठ लिटर. १,८०० भागिले ६०, म्हणजे अर्धा तास, आणि त्यातच वर येणं आणि थांबा धरायचा. घाबरलेला माणूस याच्या दुप्पट वेगाने हवा खातो. लांब चालणाऱ्यांना वाटतं आपला दम चांगला, हवा जास्त पुरेल. तसं होत नाही. हवा पुरते ती शरीर आडवं आणि स्थिर ठेवण्याने, आणि त्यासाठी कमरेला शिसं योग्य तेवढंच लागतं. बहुतेक नवशिक्यांना गरजेपेक्षा जास्त शिसं बांधलं जातं, कारण त्याने शिकवणाऱ्याचं काम सोपं होतं. पृष्ठभागावर, हवा भरून तरंगायचं जॅकेट रिकामं करून साधा श्वास घेतल्यावर पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं. डाइव्ह संपेपर्यंत वापरलेल्या हवेचंच दोन किलोंच्या वर वजन कमी झालेलं असतं, तेवढं शिसं सुरुवातीला जास्त धरा.

कानांविषयी थोडक्यात: पहिल्या पाच मीटरमध्येच सगळ्यात जास्त कान मोकळे करावे लागतात, अर्ध्या-अर्ध्या मीटरवर, दुखायच्या आधी. दडा बसला तर थोडं वर या. जोर लावू नका. सर्दीत डाइव्ह नको, आणि नाक मोकळं करणारी गोळी घेऊन तर नकोच. तिचा असर खाली असताना उतरला की वर येताना कान अडकतात.

आता मुख्य प्रश्न: क्रम. माझं मत स्पष्ट आहे, आधी चाल, मग समुद्र, आणि मध्ये दोन-तीन आठवडे काहीही न करणं. समुद्र आधी ठेवला तर काही महिने पाण्यात राहून तळव्यांची कातडी मऊ होते, पायांचा सराव जातो आणि कानाला संसर्ग झाला असेल तर तो घेऊन तुम्ही दवाखान्यापासून चार दिवस दूर जाता. शिवाय ऋतू. मेक्सिकोच्या हद्दीपासून कॅनडापर्यंत जाणारी ४,२६५ किलोमीटरची पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल उत्तरेकडे चालायची तर सुरुवात साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंतच करावी लागते. लवकर गेलात तर कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेत खोल बर्फ, उशीर केलात तर शेवटी पुन्हा बर्फ. समुद्र तुमच्यासाठी थांबतो, डोंगर थांबत नाही. फक्त पोहण्याचा आणि कान मोकळे करण्याचा सराव निघण्याआधी तलावात करून ठेवा, आणि वैद्यकीय प्रश्नावली प्रामाणिकपणे भरून डॉक्टरकडून तपासून घ्या. दमा, हृदयविकार, फुप्फुसाची जुनी दुखणी यांपैकी काही निघालं तर ते वर्षाच्या आरंभीच कळलेलं बरं.

मधला मोकळा काळ का, ते सांगतो. एकदा डायव्हिंगच्या होडीवर एक पाहुणा होता, नुकतीच लांब वाट संपवून आलेला, अंगाने काटकुळा आणि पायाने घोडा. दुसऱ्या डाइव्हनंतर तो पायाची बोटं चोळत बसला होता. विचारलं तर म्हणाला, बधिर आहेत, पण ती गेला महिनाभर अशीच आहेत. लांब चालणाऱ्यांना हे नेहमीचं. बोटांतल्या नसा दबून महिनोन्‌महिने बधिरपणा राहतो. पण बधिरपणा हे नायट्रोजनच्या बुडबुड्यांचंही लक्षण आहे, तसेच खांदे-गुडघे दुखणंही. मग डॉक्टरने ठरवायचं कसं? सगळ्यांनी मिळून त्याला प्राणवायू लावला आणि किनाऱ्यावर नेलं. निघालं काही नाही. तरी मी त्याला बरोबरच केलं म्हणतो. तुम्ही समुद्रात उतरण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा: कोणतं बोट बधिर, कोणता सांधा दुखतो, कधीपासून. डाइव्हनंतर त्या यादीबाहेरचं काहीही जाणवलं तर ते सॅकचं दुखणं आहे असं स्वतःला समजावू नका. शुद्ध प्राणवायू आणि दाबकक्ष (रुग्णाला पुन्हा वाढीव दाबाखाली ठेवायची बंद खोली) असलेलं रुग्णालय, हा एकच उपाय आहे, आणि तो जितका लवकर तितका चांगला लागू पडतो.

चालून आलेल्या शरीराच्या आणखी दोन गोष्टी. चरबी गेलेली असते, त्यामुळे सव्वीस अंशांच्या पाण्यातही लवकर हुडहुडी भरते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेतं. डायव्हिंगचा सूट जाड घ्या आणि आधीच्या मापाचा घेऊ नका. सहा किलो चरबी उतरली असेल तर शिसंही पाऊण-एक किलो कमी लागेल. आणि पायाचे फोड, भेगा पूर्ण भरल्याशिवाय उष्ण समुद्रात जाऊ नका; उघड्या जखमा तिथे चिघळतात, भरायला आठवडेच्या आठवडे लागतात. फिन्सने, म्हणजे पायात चढवायच्या रबरी पंखांनी, पोटऱ्यांत गोळे येतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, ती हालचालच निराळी आहे.

समुद्रातून उंचीवर जाण्याचा, म्हणजे उलट दिशेचा नियम मात्र जिवाशी गाठ आहे. डायव्हिंगनंतर विमानात बसण्याबद्दल डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग-सुरक्षेच्या संस्थेचा सल्ला असा: वर येताना सक्तीचे थांबे न लागणाऱ्या एकाच डाइव्हनंतर निदान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवसांनंतर निदान १८ तास. मी सरसकट २४ धरतो. हे सगळ्यांना माहीत असतं. लोक विसरतात ते हे, की विमानातल्या हवेचा दाब साधारण दोन-अडीच हजार मीटर उंचीएवढा असतो, आणि तेवढ्या उंचीची खिंड जीपनेही गाठता येते. सकाळी डाइव्ह, दुपारी घाटातून बस आणि रात्री डोंगरातल्या गावी मुक्काम, असा बेत बेटांवर सर्रास आखला जातो. तो करू नका. त्याच दिवशी पाठीवर वजन घेऊन टेकडी चढणंही नको. जोराच्या श्रमाने बुडबुडे वाढू शकतात, आणि साधारण चार प्रौढांपैकी एकाच्या हृदयाच्या पडद्यात जन्मतः एक बारीक फट राहिलेली असते, तिच्यातून ते फुप्फुसांना वळसा घालून थेट धमन्यांत जाऊ शकतात.

कागदपत्रांत दोन गोष्टी बघा. विम्याच्या कागदावर ‘साहसी खेळ समाविष्ट’ एवढं पाहून सही करू नका. उंचीची मर्यादा किती मीटर, डायव्हिंगची खोली किती मीटर, हेलिकॉप्टर आणि दाबकक्षाचा खर्च धरला आहे का, हे तीन आकडे शोधा. आणि मुक्कामाची मुदत: शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्यामुळे युरोपातल्या दोन लांब वाटा लागोपाठ जोडण्याचा बेत तिथेच अडकतो. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलला मेक्सिको हद्दीजवळून निघणाऱ्यांना दिवसाला ५० परवाने मिळतात आणि ते कित्येक महिने आधी संपतात. तेव्हा रजा मंजूर झाल्यावर पहिलं काम परवान्याचं.

सामानात विकत काय घ्यावं, याचं माझं उत्तर अगदी छोटं आहे. चालण्यासाठी बूट, मोजे, सॅक आणि उपग्रहाद्वारे मदत मागता येणारं यंत्र. डायव्हिंगसाठी मास्क, कारण तो चेहऱ्यागणिक वेगळा बसतो, आणि डाइव्ह कॉम्प्युटर, कारण तुमच्या मंद ऊतींचा कालचा हिशोब दुसऱ्याच्या मनगटावर राहून उपयोगाचा नाही. भाड्याचा कॉम्प्युटर रोज बदलला तर तो रोज तुम्हाला कोरं समजतो. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणून देणारं यंत्र), जॅकेट, सिलिंडर वगैरे भाड्यानेच घ्या, आणि रेग्युलेटर तोंडात धरून सिलिंडर सुरू केल्यावर दोन श्वास घेता घेता दाबाचा काटा बघा. श्वासागणिक तो हलत असेल तर झडप पुरती उघडलेली नाही.